राखणीची पाळी

तिसऱ्या वर्षी गवत माझ्या गुडघ्याला लागलं
आणि गाईंच्या बरगड्या लांबून मोजता येऊ लागल्या.
दोन्ही एकाच महिन्यात.

मार्साबितच्या उताराखाली, जिथे वारा आधी माती नेतो
आणि मागाहून माणसं,
तिथे आम्ही कालो राखला.
बाभळीच्या फांद्यांचं कुंपण, एक झापा,
आत नुसतं गवत
आणि बाहेर आम्ही सगळे बोराना,
आपल्याच रानाकडे पाहुण्यासारखे बघत.

पहिल्या वर्षी बीसुद्धा नव्हतं.
दुकानात होतं, पण दुकान दोन दिवसांवर
आणि भाडं एका शेळीएवढं.
तेव्हा म्हाताऱ्या लोक्कोने मुंग्यांची बिळं दाखवली,
भोवती भुशाचं कडं असलेली.
म्हणाली, मागायचं तर साठवणाऱ्याकडे मागावं.
अर्धं उकरा, अर्धं राहू द्या,
त्यांच्याही घरात खाणारी तोंडं आहेत.

मग खड्डे.
अर्धचंद्राचे, उताराकडे पाठ केलेले,
चार पावलं रुंद.
टेकडीवरून बघितलं तर वाटायचं
एखादी अवाढव्य गाय इथून चालत गेलीय
आणि तिच्या खुरांत पाणी साचायची वाट बघत
आम्ही बायका कुदळी टेकून उभ्या.

त्या रात्री राखणीची पाळी माझी होती.
चंद्र नव्हता. तरस दोनदा बोललं.
मग लाकडी घंटा वाजली, एकदाच,
कुणीतरी मुठीत धरावी तशी.
ती घंटा मी ओळखते.
तिचा लोलक मीच उंटाच्या हाडाचा कोरला होता.

झापा बाजूला ओढलेला.
आत आमची करडी, आठ महिन्यांची गाभण,
मान खाली घालून असं खात होती
की तिला माझा कंदीलही दिसला नाही.
आणि तिच्या पाठीवर हात ठेवून माझा बोरू,
पंधरा वर्षांचा.
तो म्हणाला, आई, तू काही पाहिलं नाहीस.

मी गाय बाहेर काढली.
तिच्या तोंडातला घास मात्र काढला नाही.
एवढाच माझा गुन्हा,
तोही सकाळी सांगितला.

झाडाखाली पंच बसले होते.
लोण्यात परतलेली कॉफीची फळं फिरवली गेली,
माझ्याजवळ वाटी आली तेव्हा हात थरथरला.
जार्सो बोनायाने विचारलं, कुणाची गाय?
झाडावर सुगरणी किलबिलत होत्या,
आणि मला वाटलं, त्याच सांगतील तर बरं.
माझी, म्हणाले मी. आणि मुलगाही माझाच.

दंड: चाळीस खड्डे, त्याच्या हातचे,
जिथे कालोबाहेर जमीन तापलेल्या तव्यासारखी पडली होती.

करडी अकराव्या दिवशी बसली, ती उठली नाही.
पोटातलं तिच्यासोबत गेलं.
कुणी म्हणालं नाही, तलासो, तू चुकलीस.
कुणी म्हणालं नाही, बरोबर केलंस.
कुंपणाच्या आत गवत
माझ्याकडे न बघता डुलत राहिलं.

बोरू खणत गेला.
तेविसाव्या खड्ड्यापर्यंत माझ्याशी बोलला नाही.
दूध ठेवलं तर प्यायचा, वाटी उपडी घालायचा.
तळव्यांना फोड, फोडांवर राख,
आणि रात्री झोपेत तो घंटेसारखा आवाज काढायचा.

पाऊस आला तो थोडाच,
एका दुपारपुरता, उंटाच्या पाठीएवढ्या ढगातून.
बाकीचं पाणी नेहमीसारखं पळालं,
तांबडं, घाईत, कुणाचंच नसलेलं.
अंधारात बोरू चिखलाने भरून आला,
चुलीपाशी उकिडवा बसला,
आणि विस्तवाकडे बघत म्हणाला,
एकोणतिसाव्यात थांबलंय. बाकीच्यांना कड कमी पडते.

मी लाकूड सारलं.
म्हटलं, उद्या कुदळ मीही घेते.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं,
कालोचा झापा कधी उघडणार?

पंच बसतील तेव्हा.

वासरांना आधी?

वासरांना आधी. मग म्हाताऱ्या गाईंना.

आपल्याकडे दोन्ही नाहीत, तो म्हणाला.

नाहीत, मी म्हणाले.